शिकारीचा वांटा

माजिवड्याहून घोडबंदर गांवाकडे जाणाऱ्या रस्त्यावर वाघबीळ नांवाचा एक नाका आहे. बसचा वाहक दिवसांतून पन्नास वेळां तें नांव पुकारतो आणि शेंकडों माणसें तेथें चढतात-उतरतात. पण आपण वाघाच्या बिळाच्या तोंडाशीं उभे आहों, हा विचार त्यांपैकीं एखाद्याच्या तरी मनाला शिवत असेल असें वाटत नाहीं. डाव्या हातास येऊरचे डोंगर आणि उजव्या हातास वसईची खाडी यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टींत गेल्या तीस-चाळीस वर्षांत एकावर एक इतके मजले चढले आहेत कीं, वाघ येथें राहत असेल हें आतां नांवावरूनच काय तें समजावयाचें. आमचें बिऱ्हाड याच रस्त्यावर कासारवडवलीच्या बाजूस आहे. खिडकींतून जो डोंगर दिसतो तो संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दींत मोडतो. सुमारें १०४ चौरस किलोमीटरांचें हें रान; त्यांत बिबटे पुष्कळ आहेत, आणि रात्रीअपरात्रीं ते वस्तीच्या कडेपर्यंत येऊन जातात. तेथें शिकारीस सक्त मनाई आहे, व ती योग्यच आहे असें आमचें मत आहे.

आज आम्हांस लिहावयाचें आहे तें या मनाईच्या अलीकडचें. रानांतलें जनावर मारण्याची, किंवा निदान त्याच्यावर बंदूक उगारण्याची, मुभा कोणास तरी द्यावयाचीच झाली, तर ती कोणास द्यावी? वयानें वडील असेल त्यास? ज्याला अजून सारें शिकावयाचें आहे अशा तरुणास? फी भरील त्यास? कीं ज्याचें पीक खाल्लें जातें त्यास? आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांच्या घरीं अंडेंसुद्धां उंबऱ्याच्या आंत येत नसेल, निदान वडील मंडळींस कळेल अशा रीतीनें तरी येत नसेल; तेव्हां शिकारीच्या परवान्याशीं आपला काय संबंध, असें कोणीही विचारील. परंतु वस्तु थोडी आणि मागणारे फार, हा प्रसंग एकत्र कुटुंबांत वाढलेल्या माणसास नवा नाहीं. पंक्तींत शेवटचा लाडू कोणाच्या पानांत पडतो, याकडे लहानपणीं आपण सर्वांनींच डोळ्यांत तेल घालून पाहिलें आहे.

समोरच्या डोंगराचीच हकीकत घेऊं. १८७८ सालीं सरकारनें दोन कायदे केले, एक जंगलाचा आणि एक हत्यारांचा. पहिल्यानें राखीव रानांत सरकारी नियमांखेरीज कोणी शिकार करूं नये, फांसे लावूं नयेत असें ठरलें. दुसऱ्यानें बंदूक बाळगावयास परवाना लागूं लागला, आणि युरोपियन लोकांस त्यांतून सूट मिळाली. दोन्ही कायदे वेगवेगळ्या हेतूंनीं झाले असतील. पण डोंगरावरच्या वारल्याच्या दृष्टीनें त्यांचा अर्थ एकच झाला. साहेबाजवळ बंदूक होती, म्हणून तो शिकारी ठरला. वारल्याजवळ तिरकमठा आणि जाळें होतें, म्हणून तो चोर ठरला. थंडीच्या दिवसांत कल्याण-पनवेलच्या भातखाचरांत पाणलावे टिपण्यासाठीं मुंबईचे साहेब येत. त्यांना वाट दाखविणारे, पाखरूं उठविणारे आणि पडलेलें पाखरूं चिखलांतून आणून देणारे आपले इकडचेच लोक असत. शिकारींत त्यांचें अंग होतें, परवान्यावर मात्र नांव नव्हतें. ठाणें आणि कुलाबा जिल्ह्यांतल्या रयतेनें जंगलखात्याविरुद्ध इतकी ओरड केली कीं, सरकारला एक कमिशन नेमावें लागलें, व त्याचा अहवाल १८८७ सालीं बाहेर पडला. त्या तक्रारी मुख्यत्वें राबाच्या, लाकूडफांट्याच्या नि चराईच्या होत्या. परंतु प्रश्न तोच होता: रान कोणाचें, आणि त्यांतलें काय कोणाच्या वांट्यास यावें?

कायद्याच्या आधीं वांटणी नव्हतीच असें मात्र कोणी समजूं नये. कैलाश मल्होत्रा, माधव गाडगीळ आणि त्यांचे सहकारी यांनीं १९८० च्या आगेंमागें पश्चिम महाराष्ट्रांतल्या तीन भटक्या जमातींच्या शिकारीच्या पद्धति अभ्यासिल्या. त्यांत त्यांना दिसून आलें तें मोठें मननीय आहे. फासेपारधी काळविटांस आणि तितर-लाव्यांस फांसे लावीत. नंदीवाले कुत्रीं घेऊन रानडुक्कर, साळिंदर आणि घोरपड यांच्या मागें जात. वैदू मुंगूस, रानमांजर, कांसव अशा जनावरांवर राहत. एकाच माळावर तिघेही हिंडत, पण एकाचें भक्ष्य दुसऱ्याच्या ताटांत जात नसे. फांशांत गाभण हरिणी किंवा पाडस सांपडलें तर फासेपारधी तें सोडून देत. या फासेपारध्यांस इंग्रज सरकारनें गुन्हेगार जमातींच्या यादींत घातलें होतें. तो शिक्का १९५२ सालीं कागदावरून पुसला गेला. ज्यांनीं कोणत्याही कचेरीवांचून आपापसांत वांटणी करून ठेविली होती, ते परवान्याच्या राज्यांत अर्ज करण्याच्याही लायकीचे ठरले नाहींत, हें आम्हांस फार लागतें.

स्वतंत्र भारताच्या १९७२ च्या वन्यजीव कायद्यांत शिकारीचे परवाने होते, हें आज पुष्कळांच्या स्मरणांतून गेलें आहे. विशेष शिकार, मोठी शिकार, लहान शिकार असे त्यांचे वर्ग होते. जनावरें जिवंत पकडण्याचा परवाना निराळा. मादी व पिलूं मारूं नये, अमुक महिन्यांत बंदूक बाहेर काढूं नये, काय मारलें तें लिहून ठेवावें, असे नियम होते, आणि ते नियम म्हणून चांगले होते. परवान्याची फी सर्वांस सारखी. आतां, फी सर्वांस सारखी असणें म्हणजे काय हें ज्यानें मुलांच्या शाळेची फी भरली आहे त्यास समजावून सांगण्याची गरज नाहीं. १९९१ सालीं कायद्यांत दुरुस्ती झाली आणि ही परवान्यांची सारी व्यवस्थाच मोडीत निघाली. आतां माणसाच्या जिवावर उठलेलें जनावर, पिकाची नासधूस करणारें जनावर, किंवा शास्त्रीय काम, अशा कांहीं कारणांखेरीज शिकारीस वाव नाहीं. मूळच्या कायद्यांत आदिवासींचा शिकारीचा हक्क शाबूत राहिला तो एका निकोबार बेटांवर. वनवासी लोकांस रानांतले परंपरागत हक्क परत देणारा २००६ चा कायदा झाला. त्यांतही शिकारीचा हक्क स्पष्ट शब्दांत वगळला आहे.

कोणालाच द्यावयाचें नाहीं म्हटल्यावर भांडण मिटलें, असें वरवर पाहतां वाटतें. लाडू फळीवरच ठेवला कीं मुलें गप्प बसतात. पण येथें एक फरक आहे. परवाना बंद झाल्यानें आम्हां घोडबंदर रस्त्यावरच्या लोकांचें कांहींएक गेलें नाहीं. उलट खिडकीपुढचें रान राहिलें हा नफाच झाला. बिबट्या वाढला त्याचें भय येऊरच्या पाड्यांत अंगणांत निजणाऱ्या वारल्यास, आणि डुक्कर वाढलें त्याचें नुकसान भात लावणाऱ्या शेतकऱ्यास. सरकार नुकसानभरपाई देतें, नाहीं असें नाहीं. मनाई सर्वांस सारखी आणि तिची किंमत थोड्यांच्या माथीं, असा हा हिशेब आहे.

तरुणांचा प्रश्न यांतून निराळा काढून पाहण्याजोगा आहे. सालीम अली हे अकरा-बारा वर्षांचे असतांना, १९०८ सालीं, त्यांच्या छऱ्याच्या बंदुकीनें एक चिमणी पडली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. ही कसली चिमणी, हें विचारण्यासाठीं त्यांच्या मामांनीं त्यांना मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटींत पाठविलें. तेथल्या मिलर्ड नांवाच्या साहेबानें हंसून त्यांना घालवून दिलें नाहीं. कपाटें उघडून पेंढा भरलेले पक्षी दाखविले. त्यांतून पुढें आपल्या देशाचा सर्वांत मोठा पक्षिशास्त्रज्ञ निपजला. ज्यांना पोरांच्या हातीं बंदूक द्यावी असें वाटतें ते ही गोष्ट नेहमीं सांगतात. आम्हांस ती बंदुकीपेक्षां उघडलेल्या कपाटाची वाटते. त्या वेळीं मुंबईंत अशीं छऱ्याची बंदूक असलेलीं पोरें काय थोडीं होतीं?

अमेरिकेंत मात्र हा प्रश्न कायद्याच्या कलमांपर्यंत गेला आहे. आमचा एक भाचा सहकुटुंब कोलोरॅडो संस्थानांत असतो. त्याच्या पत्रांतून व बोलण्यांतून तिकडची रीत आम्हांस समजली. हरणांचे परवाने मोजके असतात आणि चिठ्ठ्या टाकून दिले जातात. ज्याची चिठ्ठी निघाली नाहीं त्याच्या खातीं एक गुण जमा होतो. गुण जितके अधिक तितका पुढच्या खेपेस त्याचा हक्क आधीं. पद्धति न्यायाची दिसते. परंतु चांगल्या डोंगरांसाठीं लोक पंधरा-पंधरा, वीस-वीस वर्षें गुण साठवून बसले, आणि आज प्रथमच अर्ज करणारा मुलगा म्हातारा होईपर्यंत त्याची पाळी येणार नाहीं असें होऊन बसलें. म्हणून कित्येक संस्थानांनीं थोडे परवाने मुलांसाठीं राखून ठेवले. बदकांच्या शिकारीसाठीं तर १९९६ पासून मुलांचा दिवसच वेगळा काढला. त्यावर वडील शिकाऱ्यांची तक्रार अशी कीं, आम्ही रांगेंत उभे राहून पाय दुखवून घेतले आणि पोरें पुढून घुसलीं. दुसरे म्हणतात, बापच मुलाच्या नांवें परवाना काढतो आणि नेम स्वतः धरतो. आणि हें सारें चाललें असतां, डोंगरी मेंढ्याचे एक-दोन परवाने लिलावानें लाखों डॉलरांस जातात ते जातातच. ते पैसे रानाच्या रक्षणास लागतात म्हणून कोणी बोलत नाहीं. आमच्या भाच्याच्या मुलाची चिठ्ठी यंदाही निघाली नाहीं. त्याच्या आईनें देवापुढें साखर ठेवली असें ऐकतों.

परवाना एकाच्या नांवें आणि बोट दुसऱ्याचें, ही अडचण आपल्याकडेही आली होती. यवतमाळ जिल्ह्यांत पांढरकवड्याच्या बाजूस अवनी म्हणून जी वाघीण गाजली, ती २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्रीं मारली गेली. सरकारनें ज्या शिकाऱ्यास पाचारण केलें होतें तो त्या वेळीं तेथें नव्हता. गोळी झाडली ती त्याच्या मुलानें. वाघीण मारावी कीं नाहीं यावर देशभर जेवढा वाद झाला, तेवढाच जवळजवळ मुलाच्या या अधिकारावर झाला. गांवकऱ्यांचे जीव गेले होते, त्यांना त्या रात्रीं नांवाचें कांहीं वाटलें नसावें. पण परवाना ही ज्याच्या हातीं दिली त्याच्याच हातीं राहावयाची वस्तु आहे, हें मानलें नाहीं तर ती कोणास द्यावी हा विचारच व्यर्थ होतो.

हें सर्व आमच्या डोक्यांत घोळूं लागलें त्यास निमित्त आमच्या स्नेह्यांच्या घरची बंदूक झाली.

हे आमचे स्नेही राजापूर तालुक्यांतले, वय ब्याहत्तर. घरीं भाताचीं खाचरें, थोडें बागाइत, आंब्याचीं कलमें, आणि शेतीच्या रक्षणासाठीं सरकारनें दिलेल्या परवान्याची एक ठासणीची बंदूक. ती त्यांच्या वडिलांच्या वेळेपासूनची. ब्राह्मणाच्या घरीं बंदूक म्हटल्यावर शहरांतल्या वाचकांस हंसूं येईल, परंतु कोंकणांत अशीं घरें पूर्वींपासून आहेत. साऱ्या जन्मांत त्या बंदुकीनें एखादें जनावर पडलें असेल नसेल. नुसती दारू ठासून मोकळा बार काढावयाचा, म्हणजे डुकरांचा कळप दोन-चार रात्रीं तरी पलीकडच्या डोंगरास लागतो आणि वानरें माडांवरून उतरतात. एवढाच तिचा उपयोग. पण पोटरीस आलेलें भात एका रात्रींत लोळवलेलें ज्यानें पाहिलें आहे त्यास या उपयोगाची किंमत कळेल. डुक्कर खातें थोडें आणि तुडवतें फार. सकाळीं बांधावर उभें राहिलें म्हणजे खाचरांत कोणी गाद्या घालून निजून उठलें आहे असें दिसतें.

रानडुक्कर खरोखर मारावयाचें तर वनखात्याची निराळी परवानगी लागते. नीलगाय आणि रानडुक्कर यांच्या बाबतींत महाराष्ट्र सरकारनें २०१५ सालीं ती रीत शेतकऱ्यास कांहींशी सोपी करून दिली. पण अर्ज मंजूर झाला तरी मारणार कशानें? ज्याच्याजवळ बंदूक नाहीं त्याला ती परवानगी म्हणजे विहिरीवांचून मिळालेला पोहरा. आणि मारलेलें जनावर सरकारचें, तें पुरावयाचें किंवा जाळावयाचें. पूर्वीं कोंकणांतल्या पारधींत गोळी लागलेल्याचा वांटा, कुत्र्यांच्या धन्याचा वांटा, हांका घालणाऱ्यांचे वांटे पडत. तसे वांटे आतां कायद्यानें पडूं शकत नाहींत. बंदूक घरांत असणें हाच काय तो आतां वांटा.

गेल्या वर्षीं आमच्या स्नेह्यांच्या दोन्ही डोळ्यांस मोतीबिंदु आला. शस्त्रक्रियेसाठीं ते ठाण्यास आले आणि आमच्याकडेच उतरले. २०१६ च्या शस्त्र-नियमांप्रमाणें परवानाधारकाचें वय सत्तर झालें, अगर त्यानें पंचवीस वर्षें हत्यार बाळगलें, म्हणजे त्याला आपल्या हयातींतच कायदेशीर वारसाचें नांव सुचवितां येतें. तें नांव ठरविण्यासाठीं सारीं मुलें आमच्या दिवाणखान्यांत जमलीं. थोरले चिरंजीव डोंबिवलीस असतात, बँकेंत आहेत. धाकटे गांवीं शेती पाहतात. मधल्या ताई, यजमान वारल्यावर बारा वर्षांपूर्वीं त्या माहेरीं आल्या. जमीन पुढें तिघांत वांटतां येईल, पण बंदुकीचे तीन तुकडे होत नाहींत.

थोरल्यांचें म्हणणें असें कीं, वडिलार्जित वस्तु थोरल्याच्या नांवें असावी ही घरची रीत आहे. शिवाय वीस वर्षें घराच्या डागडुजीला पैसे तेच पाठवीत आले. आणि त्यांचा मुलगा एकोणीस वर्षांचा, नेमबाजीच्या वर्गास जाणारा. एकवीस पुरीं झाल्याशिवाय कायद्यानें बंदूक बाळगतां येत नाहीं, म्हणून तूर्त परवाना बापाच्या नांवें राहावा, पुढें पाहूं. मुलगा स्वतः बोलला तें आम्हांस आवडलें. तो म्हणाला, “आजोबा, आमच्या वयाचं कुणी आता गावाला राहत नाही. मला तिथं करण्यासारखं काही मिळालं तर मी येत राहीन. नाहीतर या घराला पुढं कुलूपच लागणार ना?” अमेरिकेंतले शिकारी मुलांसाठीं परवाने राखून ठेवतात तें नेमकें याच भयानें, हें त्याला ठाऊक असण्याचें कारण नव्हतें. पोरगा खरें बोलत होता.

धाकटे बोलण्यांत कच्चे. ते एवढेंच म्हणाले, “यंदा बार नव्हता. खालची दोन खाचरं गेली. पुढच्या वर्षी मी ती पडीक टाकणार.” आणि गप्प राहिले. त्यांचा हक्क बोलण्यानें नव्हे पण हातांवरच्या घट्ट्यांनीं दिसत होता.

आमच्या स्नेह्यांनीं आमच्याकडे पाहिलें. पंच म्हणून आम्हीं एकच विचारलें: रात्रीं माळ्यावर राखणीस कोण बसतें? धाकटे म्हणाले, “मी आणि ताई. एक रात्र मी, एक रात्र ताई.” गणपति झाले कीं भात घरांत येईपर्यंत हा क्रम असतो. पण धाकट्यांना विजेच्या दुरुस्तीचीं कामें असतात, तीं करावयास ते लांजा-रत्नागिरीकडे जातात, तेव्हां त्यांच्याही पाळ्या ताईंवरच येतात. यंदा बार नव्हता तर ताई काय करीत? रिकामा तेलाचा डबा बडवीत.

ताई तेव्हां आंत स्वयंपाकघरांत पोळ्या लाटीत होत्या. त्यांना बाहेर बोलाविलें. हात पुसत त्या दाराशीं उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “परवाना कुणाच्याही नावानं काढा. पण ज्याचं नाव तो रात्री घरी असायला हवा. बंदूक खुंटीवर आणि नाव डोंबिवलीला, असं झालं तर मी हात लावला की गुन्हा, आणि नाही लावला तर भात जाणार.” घरांत इतका वेळ जी चर्चा चालली होती तींत कायदा नेमका ठाऊक असणारी व्यक्ति तीच निघाली. आमचे स्नेही डोळ्यांवरची हिरवी पट्टी सांवरीत म्हणाले, “मग तुझ्याच नावानं काढू.”

थोरले कांहीं काळ स्तब्ध होते. मग म्हणाले, “बाईमाणसाला झेपेल का ते? ठासायची, खांद्याला लावायची...” ताई म्हणाल्या, “दादा, बाबांचे डोळे गेली पाच वर्षं अधू आहेत. दारू मोजून त्यांच्या हाताशी कोण देत होतं असं तुला वाटतं?” यावर कोणी बोललें नाहीं.

आमचें मत विचारलें गेलें तें आम्हीं स्पष्ट दिलें. परवाना शेतीच्या रक्षणाचा आहे. तेव्हां जो शेताचें रक्षण करतो त्याला तो मिळावा, मग तो थोरला असो, धाकटा असो, वा मुलगी असो. पैसे पाठविले त्याचा मान वेगळ्या रीतीनें ठेवावा. तो घराच्या वांटणींत ठेवतां येईल. पोराचा हक्क मात्र आम्हांस थोरल्यांच्या हक्काहून मोठा वाटला. एकोणिसाव्या वर्षीं गांवाकडे ओढ असणें ही आजकाल कमाईची गोष्ट आहे, आणि तिला नकार दिला तर ती परत येत नाहीं. म्हणून आम्हीं त्याला सांगितलें कीं, बंदूक नाहीं, पण माळा मोकळा आहे. दिवाळीच्या सुटींत तो गेला आणि चार रात्रीं आत्याबरोबर डबा घेऊन बसला. दुसऱ्या रात्रीं त्याला झोंप लागली असें ताईंचें म्हणणें आहे. लागली नाहीं असें त्याचें. तें कसेंही असो, मे महिन्यांत आपण पुन्हा जाणार असें त्यानें आईला आतांच सांगून ठेविलें आहे. थोरले आमच्याशीं पूर्वींसारखें मोकळेपणें बोलत नाहींत, तें आम्हांस अपेक्षितच होतें.

मार्गशीर्षांत अर्ज गेला. थोरल्यांनीं आणि धाकट्यांनीं आपली हरकत नसल्याचें लिहून दिलें. थोरल्यांची सही शेवटीं आली, पण आली. पोलिसांचा मनुष्य चौकशीस आला तेव्हां अर्जदार आपणच, हें ताईंस त्याला दोनदां सांगावें लागलें.

मागच्या आठवड्यांत ताईंचा फोन आला, तो दुसऱ्याच कामासाठीं. त्यांच्या खालच्या खाचराच्या बांधाला लागून एका कुणबी शेतकऱ्याचें खाचर आहे. त्याच्या घरीं बंदूक नाहीं आणि कधीं नव्हती. इकडे बार झाला म्हणजे डुकरें थेट त्याच्याच भातांत उतरतात. गेलीं कित्येक वर्षें असेंच चाललें असणार, पण तो कधीं बोलला नव्हता. यंदा बार नव्हता, तेव्हां डुकरें दोघांकडेही सारखीं आलीं, आणि गंमत म्हणजे त्याचें भात मागल्या वर्षापेक्षां अधिक झालें. ताईंच्या नांवें परवाना येणार हें कळल्यावर तो ओसरीवर येऊन बसला आणि म्हणाला, “ताई, तुमका बंदूक गावली ता बरा झाला, पण आमचा काय?” त्यानें स्वतः अर्ज करावा म्हणून ताईंनीं त्याला कागद लिहून दिला आहे. तो मंजूर होईल तेव्हां होईल. तोंपर्यंत बार काढण्याआधीं ताई त्याला हांक घालणार, आणि तो पेटते पलिते घेऊन आपल्या बांधावर उभा राहणार, असें त्या दोघांनीं ठरविलें आहे. ताईंचा परवाना अजून आलेला नाहीं.